नाशिकहून पाच दिवस, दोन तंबू आणि समुद्र: कुठला रस्ता धरावा?

गोदाकाठची | १४ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय. मे महिन्यात पाच दिवस मिळालेत. शुक्रवारी पहाटे निघायचं, मंगळवारी रात्री घरी. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ चा आणि सासूबाई, वय ६९. त्यांचे गुडघे दुखतात, पण उत्साह घरात सगळ्यांत जास्त त्यांचाच. गाडी साधी, छोट्या डिकीची. तंबू दोन आहेत. दिवाळीनंतर गंगापूर धरणाच्या बाजूला एक रात्र लावून पाहिलेत, एवढाच अनुभव.

सासूबाईंनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, लग्न झालं त्या वर्षी, मुंबईच्या चौपाटीवर, तोही तासभर. धाकट्याने अजून पाहिलेलाच नाही. त्यामुळे हॉटेलच्या खिडकीतून समुद्र बघायचा नाही, लाटांचा आवाज ऐकत झोपायचं असं ठरलंय. नकाशावर तीन रस्ते काढलेत:

१) त्र्यंबक, मोखाडा, जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी आणि केळवे.
२) समृद्धीने खाली उतरून अलिबाग, मुरूड, मग जेट्टीवरून गाडीसकट बोटीने दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. जमलं तर हर्णै.
३) सरळ गणपतीपुळे गाठायचं आणि तिथून गुहागरपर्यंत वर सरकायचं.

नवऱ्याला तिसरा हवाय, मुलीला जेट्टी हवीय, मला काहीच ठरवता येत नाहीये.

पेठ-फाटा | ९:५२

पहिला. पाच वर्षांचं पोर आणि आजी बरोबर आहेत ना, मग दुसरा विचारच नको.

कांदेबाग | १०:१५

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. एवढे पाच दिवस काढताय तर खरं कोकण बघा हो. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा घाट चढला की डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाली समुद्र. आम्ही गाडी थांबवून अर्धा तास नुसते उभे होतो, कोणी काही बोललं नाही. मेमध्ये आंबा-फणस ऐन भरात. डहाणू वगैरे काय, ते अर्धं गुजरातच.

माहेर-केळवे | १०:३१

कांदेबाग, डहाणू-केळवे कोकण नाही हे कोणी ठरवलं? उत्तर कोकण म्हणतात त्याला, शाळेच्या भूगोलात होतं. माझं माहेर केळव्याचं. पानमळे आहेत आमच्याकडे, केळवे-माहीमचं विड्याचं पान लांबलांब जातं. किनाऱ्याला सुरूचं दाट बन, शितलादेवीचं देऊळ, पाण्याच्या तोंडावर छोटा किल्ला. सुट्टीला घरी गेले की अजूनही पहिल्या संध्याकाळी चपला हातात घेऊन देवळापासून चालत सुटते. आरे-वारे सुंदरच आहे, वादच नाही. पण आमचा किनारा उरलेला म्हणून मोजू नका.

गोदाकाठची, त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर, केळवे असा रस्ता येतो. घाटात वळणं आहेत, पोराला गाडी लागत असेल तर पहाटे उपाशीपोटी नेऊ नका, कोरडं थोडं खायला द्या.

कांदेबाग | १०:४४

माहेर-केळवे, शब्द मागे घेतो. पानमळे पाहिलेले नाहीत, बघायला आवडतील.

घाटमाथा | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

मी महिन्यातून चारदा नाशिक-पनवेल करतो, म्हणून फक्त रस्त्याबद्दल बोलतो.

समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटाचं दुखणं गेलंय. जवळजवळ ८ किमीचा बोगदा आहे, पोरांना आवडेल. पण आमण्याला उतरलात की पुढे भिवंडी, कल्याण-ठाण्याच्या बाजूची गर्दी, पनवेल, पेण आणि वडखळ. शनिवारी सकाळी वडखळला सगळी मुंबई तुमच्या पुढे अलिबागला निघालेली असते. तुम्ही शुक्रवारी निघताय ते बरं.

गणपतीपुळे म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं काम इतकी वर्षं चाललंय की कुठला तुकडा झाला आणि कुठे डायव्हर्शन आहे हे दर फेरीला नव्याने कळतं. जाताना अख्खा दिवस, येताना अख्खा दिवस. पाचातले दोन गाडीत गेले, उरले तीन. आजींच्या गुडघ्यांना दहा-बारा तास बसणं झेपणार नाही. पहिल्या पर्यायात अंतर दीडशे किमीच्या आसपास आहे.

सिडको-६ | ८:०५

अलिबागसाठी अटल सेतू घ्या ना. २१.८ किमीचा पूल, त्यातले साडेसोळा किमी समुद्रावरून, तोच एक अनुभव.

घाटमाथा | ८:२२

सिडको-६, सेतू शिवडीहून सुरू होतो. नाशिकहून जाणाऱ्याने त्यासाठी मुंबईत शिरायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं. तुम्ही पनवेलच्या बाजूला आधीच पोचलेले असता. मुंबईहून निघणाऱ्यासाठी तो उत्तम आहे, आपल्यासाठी वळसा.

जेट्टीप्रेमी | ११:१०

दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने कोणीच बोलेना, म्हणून लिहिते. आम्ही गेल्या डिसेंबरात केला. अलिबागहून रेवदंडा, पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत लोक आजही पोर्तुगीजमधून आलेली वेगळी बोली बोलतात. दुकानात गोळ्या घेताना दोन बायकांचं बोलणं कानावर पडलं. एक शब्द कळला नाही, पण सूर अगदी आपल्या गल्लीतल्यासारखा. पुढे मुरूड, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. मग आगरदांड्याहून गाडीसकट जेट्टीवर चढायचं आणि खाडीपलीकडे दिघीला उतरायचं. रस्त्याने फिरून गेलात तर कितीतरी तास जातात ते पंधरा-वीस मिनिटांत होतं. हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी जेट्टी, ती ओलांडली की तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. आमचा मुलगा अजून विचारतो, परत गाडी बोटीत कधी घालायची.

गोदाकाठची | ११:३८

जेट्टीप्रेमी, हे मुलीला वाचून दाखवलं आणि आता घरात माझं काही चालत नाहीये.

वणी-रोड | दुपारी १:१५

वेळासला कासवं बघायला जा मग, वेश्वीहून जवळच आहे. मुलांना जन्मभर लक्षात राहील.

हर्णै-बंदर | ३:४०

वणी-रोड, मेमध्ये उशीर होतो. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल बाहेर येतात. कासवांसाठी यायचं तर मार्च धरा.

गोदाकाठची, मी हर्णैचा, नोकरीला सातपूरला. तुम्ही रस्त्याचं विचारलंत, पण तंबू लावणार म्हणताय म्हणून आधी माझा एक प्रश्न. कुठल्या तिथीला जाताय?

सांगतो का ते. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, आकडा येईल तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आगेमागे आणि रात्री बाराच्या आगेमागे. साधारण अंदाज आहे हा, पण आजोबा यावरच होडी काढायचे.

आता तंबूवाल्याचा विचार करा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला तो संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर येतो. तेव्हा पूर्ण ओहोटी. समोर एवढा मोठा किनारा मोकळा, वाळू सपाट. तो खूश होऊन पाण्याजवळ तंबू ठोकतो. रात्री बाराला सगळे गाढ झोपलेले असताना उधाणाची भरती येते, आणि उधाणाचंच पाणी सगळ्यात वर चढतं. आमच्या गावात असे भिजलेले पाहुणे मी स्वतः घरात घेतलेत, बाईमाणसं थरथरत होती, एक लहान मूल होतं. समुद्राने काहीच वावगं केलं नव्हतं, तो रोजच्या वेळेला आला होता.

अष्टमीला उलटं. पाणी संध्याकाळी सहालाच भरलेलं असतं. ते कुठवर आलं ही रेघ तुम्हाला उजेडात, डोळ्यांनी दिसते. आणि अष्टमीचा भांग असतो, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. त्या रेघेच्या बरंच वर, जिथे सुरूच्या काड्या आणि वाळलेलं शेवाळ पडलेलं असतं त्याच्याही मागे, तंबू लावला की निवांत झोपा. दोन भरतींमध्ये थोडा फरक असतो, म्हणून काठोकाठ लावू नका.

गोदाकाठची | ४:२५

कालनिर्णय काढून बसले. शुक्रवार वद्य षष्ठी, मंगळवार दशमी. म्हणजे रविवारी अष्टमी! हे आम्ही ठरवून केलेलं नाही, सुट्टीच तेवढी मिळाली.

हर्णै-बंदर | ४:५०

मग नशीब काढलंत. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. मुलांना पाण्यात नेताना भरती चढत असताना न्या, म्हणजे या दिवसांत दुपारी चारपासून. पाणी पुढे येत असतं, तेव्हा ते माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं. ओहोटी लागली की बाहेर. पाच वर्षांच्या मुलाचा हात कुठल्याही वेळी सोडायचा नाही. आणि काशीदला गेलात तर लांबून बघा, तिथला उतार पटकन खोल जातो.

डहाणूच्या बाजूला गेलात तर वेळ थोडी पुढे धरा. खंभातच्या आखाताकडे सरकाल तशी भरती मोठी होत जाते. म्हणून बोर्डीला ओहोटीत पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेलं दिसतं.

पेठ-फाटा | ५:०२

तिथीची पाऊणपट! वाचनखूण साठवली.

सह्यभटका | ६:३०

पंधरा वर्षं तंबू घेऊन हिंडतोय, बहुतेक वेळ सह्याद्रीत. किनाऱ्यावरचा मे महिना वेगळा आहे, नाशिकच्या माणसाला तो पहिल्या रात्रीच कळतो. आपल्याकडे ४० अंश असले तरी हवा कोरडी, रात्री गच्चीवर गार वाटतं. तिथे ३३-३४ च असतात पण घाम वाळत नाही. दुपारी खारे वारे छान येतात. रात्री ते पडतात आणि मतलई वारा सुटेपर्यंत मधे दोन-तीन तास पान हलत नाही. तेव्हा बंद तंबूत कोणी झोपू शकत नाही. वरचं कापड लावूच नका, नुसती आतली जाळी ठेवा, दार पश्चिमेला.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत किंवा जुन्या पायजम्याच्या पायात वाळू भरा, दोरी तिला बांधा आणि हातभर खोल पुरा. वादळ आलं तरी हलत नाही. नारळाखाली तंबू कधीच नाही, वरून नारळ नाही तर झावळी येते. सुरूखाली चालेल.

आणि गाडी वाळूवर उतरवू नका. सहा वर्षांपूर्वी मी उतरवली होती. ओली वाळू घट्ट वाटली म्हणून वीस फूट पुढे नेली आणि चाकं फिरायला लागली. जेवढं अ‍ॅक्सिलरेटर दाबलं तेवढी आत गेली. भरती चढत होती. गावातली बारा-चौदा माणसं आली, फळ्या टाकल्या, चाकातली हवा अर्धी काढली आणि ओढून काढली, तेव्हा पाणी बंपरला लागलं होतं. एकानेही पैसे घेतले नाहीत. अशा ठिकाणी आपण पाहुणे असतो, त्यांचा जीव टांगणीला लावायचा नसतो.

आजी-इंदिरानगर | ७:१५

गोदाकाठची, तुला अगं म्हणते, मुलीच्या वयाची असशील. सगळे वाळूचं आणि वाऱ्याचं बोलतायत, तुझ्या सासूबाईंचं कोणी बोलेना. मी ७२ ची आहे. रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात, वाळूतून, अनोळखी जागी, हे मला जमणार नाही आणि मी ते तोंडाने बोलणारही नाही, कारण सुनेची हौस मोडायची नाही. तंबूत खाली बसणं आणि उठणं हेच गुडघ्याला अवघड असतं.

त्यापेक्षा किनाऱ्याला लागून एखाद्याची वाडी असेल, घरगुती राहायची सोय असेल, तिथे एक खोली घे. संडास-बाथरूम जवळ. तंबू त्यांना विचारून अंगणात लावा, लाटा तिथेही ऐकू येतात. त्या खोलीत झोपतील नाहीतर बाहेर खाटेवर, त्यांचं त्या ठरवतील. आणि प्लास्टिकची एक हलकी खुर्ची टपावर बांधून ने. माझं ऐक, खुर्चीएवढं काही उपयोगी पडायचं नाही.

गोदाकाठची | ७:४८

आजी, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झाले. सासूबाईंना आत्ता जाऊन विचारलं. आधी "माझं काय, मी कुठेही झोपेन" म्हणाल्या. मग मी बसूनच राहिले तेव्हा म्हणाल्या, "खोली असली तर बरं पडेल." तुमचे खूप आभार.

माहेर-केळवे | ८:२०

आजींना नमस्कार. आमच्याकडे अशा वाड्या पुष्कळ आहेत. फक्त शनिवार-रविवार केळव्याला येऊ नका, लोकलने पालघरपर्यंत येता येतं, त्यामुळे मुंबईची गर्दी लोटते. ते दोन दिवस बोर्डीला काढा आणि सोमवारी केळव्याला उतरा, किनारा तुमचाच असेल. येताना रस्त्यावर ताडगोळे दिसले की थांबा, आमच्या भागात त्या दिवसांत ढीग लागलेले असतात.

कांदेबाग | ८:४१

ताडगोळे सोलून घेऊ नका, सालीसकट घ्या आणि गाडीत सोला. सोललेले लवकर खराब होतात.

माहेर-केळवे | ८:५०

आता तुम्ही आमच्याकडचे झालात.

सिडको-६ | ९:१०

मासे मिळतील का? बंदी असते ना?

हर्णै-बंदर | ९:३०

बंदी १ जून ते ३१ जुलै. मेमध्ये मिळतात. पण वारा वाढला की होड्या आत, तेव्हा भाव चढतो. जे ताजं दिसेल ते घ्या, पापलेटचा हट्ट नको.

घोलवड-वळण | १६ एप्रिल, सकाळी ९:००

बोर्डीला जाणार असाल तर डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने नरपड, चिखले, घोलवड करत जा. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. महामार्गाने जाणार असाल तर चारोटीच्या पुढे विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आहे, चैत्र पौर्णिमेपासून पंधरवडाभर मोठी यात्रा भरते. तुम्ही जाल तेव्हा ती आटोपलेली असेल, दर्शन निवांत होईल.

गोदाकाठची | १८ एप्रिल, रात्री १०:०५

ठरलं. पहिला पर्याय. शुक्रवारी जव्हारला मुक्काम, शनिवार-रविवार बोर्डी, सोमवार केळवे. मुलीला वचन दिलंय की पुढच्या खेपेला जेट्टी. ती नाराज आहे, पण भरतीचा तक्ता तिच्याकडे सोपवलाय, कालपासून वहीत तिथ्या लिहितेय.

गोदाकाठची | २३ मे, रात्री ९:१५

जाऊन आलो, सगळं सांगायचंच होतं.

निघताना त्र्यंबकला थांबलो. सासूबाईंनी कुशावर्तातून बाटलीभर पाणी घेतलं, मला वाटलं घरी न्यायला. जव्हारला संध्याकाळी बरीच गार हवा होती, तिथे तंबू लावला नाही. राजवाडा पाहिला, शिरपामाळला गेलो. १६६४ च्या सुरत मोहिमेसाठी जाताना महाराज तिथे थांबले होते हे मुलीने पाटीवर वाचून आम्हाला सांगितलं.

बोर्डीला किनाऱ्याच्या मागे एका वाडीत खोली मिळाली, तंबू अंगणात. हर्णै-बंदर, सप्तमीला मुलगी वही घेऊन काडी रोवून बसली होती. सव्वापाचला पाणी अजून चढतच होतं. साधारण सहाच्या आसपास ते थबकलं. काडीला टेकलं, दोनदा मागे गेलं, दोनदा परत आलं, आणि मग परत आलंच नाही. "बाबा, वळलं!" म्हणून ती एवढ्यांदा ओरडली की बाजूचा शहाळेवाला बघायला आला. तुम्ही म्हणालात तसं, डहाणूकडे वेळ पुढे जाते. रविवारी तिने स्वतः पाऊण तास मिळवून सांगितलं आणि बरोबर आलं.

झोपेचं सह्यभटका म्हणाले तसंच झालं. अकरा ते दीड एक झुळूक नाही. मुलं जाळीत, आम्ही दोघं बाहेर चटईवर. दोननंतर जमिनीकडून वारा आला तेव्हा डोळा लागला. पायजम्याच्या पायात वाळू भरून पुरली होती, तंबू जागचा हलला नाही.

चूक आमची एक झाली. दुपारी बाराला ओहोटीत मुलांना घेऊन पाण्यापर्यंत चालत निघालो. पाणी खूप आत गेलेलं, वाळू संपून चिखल लागला, धाकट्याची एक चप्पल त्यात गेली आणि तो रडायला लागला. उन्हात त्याला खांद्यावर घेऊन परत यायला वीस मिनिटं लागली. टोपी, पाणी काही बरोबर नव्हतं. त्या वेळी बाहेर पडूच नये.

आजी, खुर्ची नेली होती. केळव्याला सोमवारी किनाऱ्यावर मोजून दहा माणसं. सासूबाईंची खुर्ची ओल्या वाळूत पाण्याच्या रेघेवर ठेवली. प्रत्येक लाट पायावरून गेली की खुर्चीचे पाय खालून मोकळे व्हायचे आणि त्या बोटभर खाली जायच्या. आम्ही उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "राहू दे, जाऊ दे खाली." तशाच कलंडून बसल्या, पदर ओला. मग पिशवीतून कुशावर्ताची बाटली काढली. आपली गोदावरी या समुद्रापासून साधारण ऐंशी किलोमीटरवर उगम पावते, हा समुद्र एवढा जवळ असून पाठ फिरवून पार पूर्वेच्या समुद्राला जाते, मग थोडी इकडेही येऊ दे, असं म्हणून त्यांनी सगळं पाणी लाटेत ओतलं. रिकाम्या बाटलीत धाकट्याने शिंपले भरून आणलेत, ते आता देवघराशेजारी आहेत.

रात्री आम्ही खोलीत अंथरूण घालून दिलं होतं. पहाटे पाहिलं तर त्या वाडीतल्या काकूंच्या बाजेवर बाहेर झोपलेल्या.

आजी-इंदिरानगर | ९:५०

दोनदा वाचलं गं. खुर्चीचं वाचून मी इथे घरात बसून हसले. त्यांना माझा नमस्कार सांग.

माहेर-केळवे | १०:०२

मे महिन्यातला सोमवार, केळवे, दहा माणसं. मी सांगितलं होतं ना. आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवते आहे.

जेट्टीप्रेमी | १०:२०

आणि लेकीचं वचन?

गोदाकाठची | १०:२६

दिवाळीच्या सुट्टीत. वहीचं नवं पान तिने काढलंय, वर लिहिलंय "आगरदांडा ते दिघी". हर्णै-बंदर, भाऊबीजेनंतर निघालो तर तंबूला कसं?

हर्णै-बंदर | १०:४१

भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया, उधाण अजून उतरलेलं नसतं. रात्री दीडला पाणी भरेल, तेही वर चढून. षष्ठी-सप्तमीपर्यंत थांबा आणि थेट हर्णैला या, आमच्या अंगणात दोन तंबूंची जागा आहे. खुर्ची आणू नका, घरी आहेत.